लाभाचं पाखरू

माघात, एका मंगळवारी सकाळी, माझी पत्नी गेली. तिच्या भावानं जीप आणली. जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि कागद लिहून दिला. दुपारी आम्ही तिला परत आणलं. संध्याकाळी ओढ्याकाठी अग्नी दिला.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसले होते, पण उतरत नव्हते. अशा वेळी घरच्यांनी गेलेल्या माणसाला एकेक वचन द्यायचं असतं. लेकीला बघू, नातवाचं लग्न करू, असं काहीबाही. आम्हाला मूल नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्य पुस्तकांत गेलेला माणूस मी. बाभळीसमोर हात जोडून बोलणं मला जमेना. शेवटी तिचा धाकटा भाऊ पुढं झाला.

“आक्का, जा तू आता. दाजी पाखरं मोजतेत. न्हाई मोजली तर मी मोजायला लावतो.”

मागं कुणीतरी हसलं. कावळा उतरला. माझा या गोष्टीवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण वचन माझ्या नावानं दिलं गेलं होतं आणि ते चार लोकांनी ऐकलं होतं.

पाखरं म्हणजे शिकारी पक्षी. हिवाळ्यात ते उत्तरेकडून आमच्या भागात येतात. ज्वारीच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून रानावर फिरतात, टोळ धरतात, उंदीर धरतात, आणि फाल्गुन-चैत्रात परत उत्तरेला जातात. बहुतेक भोवत्या जातीचे. नर राखाडी, मादी तपकिरी. त्यांच्यात अधूनमधून एखादी खरूची, एखादा ससाणा. आणि क्वचित, बहुधा एकटाच, गरुड. जाताना ते गावामागच्या धारेवरून जातात. धार म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेली मुरमाची आणि काळ्या दगडाची टेकडी. नऊ-दहा वाजता ऊन लागलं की तिच्या उतारावरून गरम हवा वर चढायला लागते. त्या हवेवर पाखरं पंख न हलवता गोल गोल वर जातात, ठिपक्याएवढी होतात आणि मग सरळ उत्तर धरतात.

मी झरीच्या शाळेत ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर पत्नी म्हणाली, आता माझ्या गावी चला. तिच्या भावानं घरातल्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. पहिल्याच फाल्गुनात ती मला धारेवर घेऊन गेली. तिचे वडील म्हणायचे, पाखरं वर जायला लागली की खळं उरकायचं, पुढं अवकाळीचा भरवसा नाही. म्हणून त्या घरात रोज सकाळी कुणीतरी धारेवर जाऊन किती गेली ते मोजायचं. लहानपणी ते काम तिचं होतं. सातवीनंतर शाळा सुटली तरी ते काम सुटलं नाही, लग्न झालं तेव्हाच सुटलं. मध्ये पस्तीस वर्षं झरीला पत्र्याच्या खोलीत गेली. धारेवरच्या तिच्या ठरलेल्या दगडावर ती अशी बसली, की जणू काल संध्याकाळीच तिथून उठली होती.

मी शाळेच्या ग्रंथालयातलं पक्ष्यांचं जुनं पुस्तक बरोबर आणलं होतं. रद्दीत निघालं म्हणून ते मला मिळालं. त्यातलं गरुडांचं पान कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेलं होतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला खरा राग आला असेल तर तो कापलेल्या पानांचा.

“तुमी पुस्तकात बघत बसा, पाखरू गेलं तिकडं,” ती म्हणाली.

“याला भोवत्या म्हणतात.”

“कामून?”

“सारखा भोवती फिरतो म्हणून असेल.”

“मंग इलेक्शनला येतेत ते कोन?”

असं आमचं चालायचं. नजर तिची, हात माझा. ती बोटानं दाखवायची, मोठ्यानं मोजायची, मी वहीत लिहायचो. माझ्या चष्म्याला जिथं नुसतं आभाळ दिसायचं तिथं तिला नर आहे की मादी हेही दिसायचं.

आणि ती मोजायची खळ्यावरच्या रीतीनं. ही रीत आमच्याकडे जुन्या माणसांना सांगावी लागत नाही, पण आता सांगायला हवी. खळ्यावर ज्वारीची रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तिच्या माहेरी तर ती पहिली पायली हिशेबातच धरत नसत. पायलीला कुंकवाचं बोट लावायचं, ‘लाभ’ म्हणायचं आणि ते धान्य वेगळ्या टोपलीत ओतायचं. दुसऱ्या पायलीपासून एक, दोन, तीन. लाभाची पायली कुणाची, असं तिनं लहानपणी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, “येईल त्याची.”

आता मळणीयंत्र येतं, पोती भरतात, वजनकाट्यावर चढतात. खळं गेलं, पायली अडगळीत गेली. लाभ उरला तो धारेवर. सकाळचं पहिलं पाखरू दिसलं की ती म्हणायची, “लाभ.” मी वहीत लाल पेन्सिलीनं एक टिंब द्यायचो. मग एक, दोन, तीन. प्रत्येक जातीचा लाभ वेगळा. नऊ भोवत्या गेले तर वहीत लाल टिंब आणि पुढं आठ. एकच गरुड गेला तर नुसतं टिंब.

सुरुवातीला मी तक्रार केली होती.

“अगं, यानं बेरीज एकानं चुकते.”

“कशी चुकंल? टिंब म्हंजी एक, तुमाला ठावं हाय ना?”

“मला आहे. दुसऱ्या कुणी वाचलं तर?”

“दुसरं कोन वाचतंय हो तुमची वही?”

हे तिनं हसत म्हटलं होतं. मीही हसलो होतो. दहा वसंत आम्ही तसं मोजलं.

दहाव्या वसंतानंतर, दिवाळी झाल्यावर एक गृहस्थ घरी आले. पस्तिशीचे, चष्मा, पाठीवर पिशवी. धारेवर दगडाची खाण आणि खडीचं क्रशर होणार होतं, आणि परवानगीआधी तिथल्या प्राणी-पक्ष्यांचा अहवाल करायचं काम त्यांच्याकडे होतं. गावात कुणीतरी सांगितलं की सरांकडं पाखरांची वही आहे. ते अदबीनं बोलत होते. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, “सर, हे म्हणजे सोनं आहे. असा सलग दहा वर्षांचा डेटा कुठं मिळत नाही.”

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? माझी वही पहिल्यांदाच कुणीतरी वाचायला मागत होतं. पत्नीनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. वही ते जिंतूरला नेणार, झेरॉक्स काढणार आणि संध्याकाळी परत पाठवणार, असं ठरलं. ते पायात चप्पल घालत असताना आतून तिचा आवाज आला.

“अवं, त्या टिंबाचं सांगितलं का?”

मी तिला म्हणालो, “शिकलेले आहेत. त्यांना कळेल.”

हे एक वाक्य मी आता रोज ऐकतो. माझ्याच आवाजात.

वही संध्याकाळी परत आली, एक पानही दुमडलेलं नव्हतं. मग माघ आला आणि ती गेली.

त्या फाल्गुनात मी एकटा धारेवर जायला लागलो. गुडघे दुखायचे. निम्मी पाखरं माझ्या नजरेतून सुटत असणार, हे मला माहीत होतं. जेवढी नक्की दिसली तेवढीच लिहिली. पहिलं दिसलं की मी ‘लाभ’ म्हणायचो, मोठ्यानं नाही. तिच्या दगडावर मी बसत नव्हतो, शेजारच्या दगडावर बसायचो.

चैत्र लागला तेव्हा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. गावच्या शाळेत जनसुनावणी होणार होती. अहवालाचा मराठी सारांश ठेवला होता, तो मेहुण्यानं माझ्यासाठी आणला. मी पुस्तक वाचतो तसा पहिल्या पानापासून वाचत गेलो. बाविसाव्या पानावर आमची वही होती. तारखा आमच्या, जाती आमच्या, रकाने आमच्यासारखेच. फक्त टिंबं नव्हती. भोवत्यांचा प्रत्येक आकडा एकानं कमी. ससाण्याच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे शून्य. आणि गरुड: दहा वर्षांत एक. खाली वाक्य होतं, ‘सदर एक पक्षी भरकटून आलेला असण्याची शक्यता आहे. सबब प्रस्तावित जागा शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराच्या दृष्टीने महत्त्वाची नाही.’

तो ‘एक’ कुठला ते मला लगेच कळलं. सातव्या वर्षी एका सकाळी दोन गरुड पाठोपाठ गेले होते. वहीत टिंब आणि पुढं एक. दोन गेले तेव्हाच त्यांना एक दिसला. बाकी सगळे एकटे आले, एकटे गेले, म्हणून ते आलेच नाहीत. मी वही काढली आणि गरुडाच्या रकान्यातली टिंबं मोजली. सदतीस. सातव्या वर्षीचा तो जास्तीचा धरून अडतीस गरुड. तिनं एकेक बोटानं दाखवलेले, मान मागं टाकून, डोळ्यांवर पदर धरून. सदतीस सकाळी. त्या सगळ्या सकाळी कुणीतरी झेरॉक्स मशीनमध्ये घालून मोकळ्या केल्या होत्या.

मी चुकीला क्षमा करू शकतो. ग्रंथालयात चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक मी हजारदा परत जागेवर ठेवलं आहे. पण ‘भरकटून आलेला’ हे कुणी तपासलं? दहा वर्षं जी बाई त्या दगडावर बसली तिला विचारायला एक फोन पुरला असता. त्या वेळी ती जिवंत होती. भाकरी वाढणाऱ्या बाईला विचारायचं असतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणून विचारलं नाही का?

सुनावणीच्या दिवशी मी आधी धारेवर गेलो. साडेनऊला गरुड आला. एवढं मोठं पाखरू माझ्या नजरेतूनही सुटत नाही. दक्षिणेकडून खालून आला, उतारावर तीन फेऱ्या घेतल्या आणि वर गेला. मी टिंब दिलं, वही पिशवीत घातली आणि खाली शाळेत गेलो.

वर्गातली बाकं बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या. टेबलामागं सुनावणी घेणारे साहेब, त्यांच्या शेजारी अहवाल करणारे ते गृहस्थ. गावातले बरेच लोक क्रशर हवं म्हणणारे होते. ट्रॅक्टर लागतील, पोरांना काम लागेल. त्यांच्यावर माझा राग नाही. पोट मलाही आहे. माझा नंबर आला तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, अहवालातले पाखरांचे आकडे चुकीचे आहेत.

साहेब म्हणाले, “सर, आकडे तुमच्याच वहीतले आहेत. आम्ही पदरचं काही घातलेलं नाही.”

“घातलं नाही, गाळलंय. पहिलं पाखरू आकड्यात नसतं. ते टिंबात असतं.”

“टिंबात?”

मी वही उघडून टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा वर केला. त्यांच्याकडच्या झेरॉक्समध्ये त्या जागी कुठं काळा ठिपका होता, कुठं काहीच नव्हतं. मागून, खाणवाल्यांच्या बाजूनं, आवाज आला.

“सायब, टिकली हाय ती. काकूनी वहीला लावून ठिवली आसंल.”

सतरंजीवर हशा पिकला. तिला जाऊन दोन महिने झाले होते. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तिच्या दहाव्याचं जेवण जेवलं होतं. त्या क्षणी माझ्या हातात काठी असती तर मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. मी ते केलं नाही, एवढंच खरं. मी म्हणालो, “आज सकाळीसुद्धा एक गरुड गेला.”

“फोटो आहे का?” साहेबांनी विचारलं. चेष्टेनं नाही, त्यांना खरोखरच हवा होता.

“नाही.”

तेव्हा माझा मेहुणा उठला. तो सभेत बोलणारा माणूस नाही. टोपी काढून हातात धरली होती.

“सायब, तुमचं गाव कंचं?”

“माझं? पाथरीकडचं.”

“शेती हाय?”

“आहे. का?”

“मंग तुमच्या खळ्यावर पहिलं माप काय म्हनून टाकायचे?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, “लाभ.”

“एक न्हाई म्हनत?”

“नाही. आजोबा लाभच म्हणायचे.”

“मंग झालं तर! आमची आक्का तुमच्या आजोबावानीच मोजायची. तेवढं दुरुस्त करा.”

साहेब थोडं हसले. मला वाटलं, जमलं. खरोखर वाटलं. मग त्यांनी पेन उचललं.

“अहो, ते घरचं झालं,” ते म्हणाले. “हे शासकीय आहे. चला, पुढचे कोण?”

मला त्यांचा राग येतो तो न कळल्याचा नाही. त्यांना कळलं होतं. आजोबांची पायली त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती, मी त्यांच्या चेहऱ्यावर ती पाहिली. कळून त्यांनी ती खाली ठेवली. न कळणाऱ्याला समजावता येतं. कळून बाजूला सारणाऱ्याला काय करायचं? आपल्या घरात जे खरं असतं ते टेबलामागं बसलं की खोटं होतं, अशी ही कुठली नोकरी?

सुनावणी संपल्यावर ते अहवाल करणारे गृहस्थ नळाजवळ माझ्याकडं आले. हळू आवाजात म्हणाले, “सर, मला ते ठिपके दिसले होते. कॉम्प्युटरमधला तो रकाना फक्त आकडा घेतो. ठिपका टाकला की रकाना लाल होऊन चूक दाखवायचा. मग मी मोकळा सोडला. मोकळा म्हणजे ते शून्य धरतं.”

“मला का नाही विचारलंत?”

“वाटलं, सरांची काहीतरी खूण असेल. एवढं काही नसेल.”

‘त्यांना कळेल’ असं मी म्हणालो होतो, ‘एवढं काही नसेल’ असं ते म्हणाले होते. शिकलेली दोन माणसं. प्रश्न सुचला होता तो सातवी शिकलेल्या बाईला, चुलीपुढं बसून.

मी लेखी हरकत दिली. चार पानं, सुवाच्य अक्षरात. सोबत दहा वर्षांचा नवा तक्ता, टिंबांचे आकडे करून. खळ्याच्या रीतीचा खुलासा, त्यावर गावातल्या पाच म्हाताऱ्यांच्या सह्या आणि अंगठे. परभणीला स्वतः नेऊन दिली, पोच घेतली. दीड महिन्यानं उत्तर आलं. एकच ओळ होती. ‘आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे.’ कशात नोंद घेतली? कुठल्या रकान्यात? माझी पत्नी नोंद घ्यायची तेव्हा ऊन डोक्यावर घ्यायची. या लोकांची नोंद म्हणजे गोष्ट पुरायची जागा.

दिवाळीनंतर यंत्रं आली. पूर्वेकडून सुरुवात झाली. तिचा दगड पश्चिमेच्या टोकाला आहे, म्हणून तो अजून आहे. दिवसातून दोनदा सुरुंगाचा आवाज होतो, आधी भोंगा वाजतो. धूळ हरभऱ्यावर बसते. क्रशरवर गावातली चार माणसं लागली; बाकीची माणसं आणि ट्रॅक्टर बाहेरून आले. ‘टिकली’ म्हणणारा गडी एकदा रस्त्यात भेटला. म्हणाला, “सर, राग धरू नका, गंमत केली वो.” मी राग धरला आहे. वय झालं म्हणून सगळं सोडून द्यावं असं लोक सांगतात. मी हे सोडणार नाही.

या फाल्गुनात मी पुन्हा वर गेलो. मेहुणा सोबत येतो आता. त्याची नजर बरी आहे, बहिणीसारखी नाही. पाखरं पूर्वीच्या जागेवरून उठत नाहीत. भोंगा वाजला की फुटतात आणि लांबून, पश्चिमेच्या टोकाला वळसा घालून जातात. कमी दिसतात. कमी झाली की लांबून गेली, हे मला सांगता येत नाही आणि मी ते वहीत लिहीत नाही.

परवा दहा वाजता मेहुण्यानं माझा दंड धरला.

“दाजी, लाभ.”

गरुड होता. आमच्या दोघांच्या डोक्यावरून गेला, पंखाची पिसं मोजता यावीत इतक्या खालून. मी वही उघडली. हातात शाईचं पेन होतं. क्षणभर वाटलं, सरळ एक लिहावं. एकचा आकडा कुठल्याही मशीनला वाचता येतो. एक लिहिला असता तर तो अहवालात गेला असता, तक्त्यात बसला असता, कुणाला रकाना मोकळा सोडावा लागला नसता.

“काय बघायलात? लिवा की,” मेहुणा म्हणाला.

“तुझी आक्का काय म्हणाली असती?”

“म्हनली आसती, पाखरू गेलं तिकडं.”

मी लाल पेन्सिल काढली आणि टिंब दिलं. घरी आल्यावर वहीचं पहिलं पान उघडलं. तिथं फक्त आमच्या दोघांची नावं होती. त्यांच्याखाली मी शाईनं लिहिलं: या वहीत लाल टिंब म्हणजे एक पाखरू, ते पुढच्या आकड्यात धरलेलं नाही. एवढं एक वाक्य. ते लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

धारेचा पश्चिमेकडचा तुकडा राहिला आहे, त्यावर तिचा दगड आहे. वहीत चौदा पानं कोरी आहेत.